घरातले पहिले इंजिनिअर, घरातले पहिले बी.एस्सी. : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात याआधी कुणी डिग्रीला गेलेलं नाही, बारावीपर्यंत मराठी माध्यम, वडील बिगारी कामावर किंवा दोन एकर कोरडवाहू, आणि आता एकदम मेकॅनिकल, कॉम्प्युटर किंवा फिजिक्स. असे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्यांना मदत करू पाहणारे लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. लिहिणारे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवणारे काही शिक्षक आणि आमचेच काही माजी विद्यार्थी. सरकारी योजनांच्या रकमा आणि अटी बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षीचा शासन निर्णय उघडून वाचायचाच.

आरक्षण आहे, फी माफ आहे. मग आणखी वेगळा आधार कशासाठी?

हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत, स्टाफरूममध्ये विचारला जातो. म्हणून तो आधी घेतला.

आरक्षणाने दार उघडतं. आत गेल्यावर चार वर्षं काढायची असतात, आणि मुलं गळतात ती ठरावीक तीन ठिकाणी. पहिलं, प्रवेशाच्या आठवड्यात, एखादा कागद नाही म्हणून. दुसरं, दिवाळीच्या आगेमागे, हातातले पैसे संपले आणि शिष्यवृत्ती आली नाही म्हणून. तिसरं, पहिल्या सेमिस्टरच्या निकालानंतर, दोन-तीन केट्या (राहिलेले विषय) लागल्या आणि 'हे आपलं काम नाही' असं स्वतःच ठरवून टाकलं म्हणून. या तिन्ही ठिकाणी हुशारीचा प्रश्न फारसा नसतो. मदतही फार महागडी लागत नाही, फक्त ती त्या-त्या आठवड्यात पोचावी लागते. तिसऱ्या वर्षाला सत्कार करून, शाल-श्रीफळ देऊन काही होत नाही. तिथवर पोचलेला मुलगा बहुतेक तरलेलाच असतो.

डॉ. रघुनाथ माशेलकरांचं उदाहरण प्रत्येक कार्यक्रमात देतात: माशेल गावचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, मुंबईत महापालिकेची शाळा, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास. त्या गोष्टीतला एक तपशील मात्र भाषणातून गळतो. त्यांना टाटा ट्रस्टची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती होती, आणि ती वर्षानुवर्षं वेळेवर मिळत राहिली. जिद्द त्यांची होतीच, पण ते ६० रुपये नसते तर त्या जिद्दीचं काय झालं असतं याचा विचार दिव्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी करावा.

बारावी सुरू आहे. कागदपत्रांची तयारी कधी करू?

आत्ता. अकरावीत असाल तर फारच उत्तम.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास (डोमिसाइल), नॉन-क्रीमीलेअर हे तहसीलमधून, सेतू केंद्रावरून तुलनेने लवकर निघतात. खरी कसोटी जात वैधता प्रमाणपत्राची, म्हणजे 'व्हॅलिडिटी'ची. जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी, हेच अनेक घरांत जूनमध्ये कळतं. एससी, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) यांच्यासाठी जिल्ह्याची जात पडताळणी समिती असते. एसटीसाठी आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या समित्या आहेत, आणि तिथे चौकशी जास्त खोल होते, वेळही जास्त लागतो.

समितीला हवा असतो जुना पुरावा. जुना म्हणजे किती? एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची जातीची किंवा वास्तव्याची नोंद. ती बहुधा आजोबा, पणजोबा किंवा चुलत आजोबांच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत असते. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून त्या नोंदीचा उतारा घ्या. आजोबा शाळेतच गेले नसतील तर जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक), सातबारा, खरेदीखत, फेरफार असं शोधत जावं लागतं. ज्यांचं गावच एका जागी नव्हतं त्या भटक्या समाजांच्या मुलांकडे हाच पुरावा मागायचा यात एक क्रूर विनोद आहे, पण आजचा नियम हा आहे. मोठा भाऊ, काका, आत्या यांपैकी रक्ताच्या नात्यात, वडिलांकडून, कुणाचीही व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. काम पुष्कळ हलकं होतं.

आडनावाचं किंवा नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं, हा रोग घरोघरी आहे. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत तो बरा करा. नंतर महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज अडकतो तो बहुतेक इथेच.

प्रवेशाच्या वेळी व्हॅलिडिटी हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती चालते, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर जागा खुल्या प्रवर्गातली धरली जाते आणि फीही तशीच लागते. पावतीवर निवांत बसू नका.

कॅप राउंडचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरताना काय बघायचं?

ब्रँच आणि कटऑफ सगळेच बघतात. आम्ही आणखी तीन गोष्टी बघायला सांगतो: त्या गावात सरकारी वसतिगृह आहे का, कॉलेजला जायला एसटी किंवा लोकल आहे का, आणि मागच्या वर्षी तिथे शिकलेलं तुमच्या भागातलं कुणी आहे का. ओळखीचा एक दादा किंवा ताई असलेलं मधलं कॉलेज अनोळखी नामांकित कॉलेजपेक्षा पहिल्या वर्षी जास्त उपयोगी पडतं, असं आमचं मत आहे. यावर आमच्यातच भांडणं होतात.

खुल्या प्रवर्गात असाल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफी योजना) हा पर्याय जरूर भरा. मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात आणि त्यांत शिक्षण शुल्क माफ असतं. कटऑफ मात्र चढा जातो.

आणि जागा स्वीकारायची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या दलित मुलाला आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकलची जागा मिळाली होती. १७,५०० रुपये शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत भरता आले नाहीत आणि जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घटनेचं कलम १४२ वापरून त्याला जागा परत दिली. प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही. ज्यांना खरोखर मदत करायची आहे अशा गावातल्या मंडळींनी जून-जुलैत वीस-पंचवीस हजार रुपये उसने देण्याची तयारी ठेवली, तरी तेवढ्याने एखादं करिअर वाचतं.

फीमध्ये नक्की काय सुटतं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण प्रत्येकाचा प्रवर्ग वेगळा. थोडक्यात असं:

एससी, नवबौद्ध आणि एसटी : घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर 'फ्रीशिप', म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क.

व्हीजेएनटी आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) : नॉन-क्रीमीलेअर असेल तर शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती. ओबीसी मुलांना निम्मी.

खुला प्रवर्ग, आठ लाखांच्या आत : राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, निम्मं शिक्षण शुल्क.

मुली : २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या किंवा अभिमत विद्यापीठातल्या प्रवेशाला हे लागू नाही. दरवर्षी काही पालक इथेच फसतात. एजंट 'मुलींना सगळं फुकट' म्हणतो आणि प्रवेश मॅनेजमेंटमधून करून देतो.

या सगळ्याचे अर्ज महाडीबीटीवर होतात. याखेरीज एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठी आणि सक्षम दिव्यांगांसाठी, वर्षाला ५०,००० रुपये, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. एका कुटुंबातल्या दोनच मुलींना प्रगती मिळते. दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकत्र घेता येतात का, ते अटींत वाचा; नंतर वसुलीची नोटीस येऊ शकते.

आयआयटीत एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. इतरांपैकी एक लाखाच्या आत उत्पन्न असेल त्यांनाही पूर्ण, आणि पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश. वर्षाचे दोन लाख ऐकून फॉर्मच न भरणारी मुलं आम्ही पाहिली आहेत.

फीचं कळलं. राहायचं-खायचं काय?

खरा खर्च हाच असतो, आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

पहिला पर्याय समाजकल्याणचं किंवा आदिवासी विभागाचं सरकारी वसतिगृह. तिथे नंबर लागला नाही तर एससी-नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० अशी तिची रचना. एसटीसाठी तशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी-व्हीजेएनटींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. वडील बांधकामावर असतील तर कामगार मंडळाकडे त्यांची नोंदणी झाली आहे का ते आधी पाहा.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केलेलं हे काम आजही गावाकडच्या मुलामुलींना परवडेल अशा खर्चात ठेवून घेतं, आणि तिथे स्वतः काम करावं लागतं. मुलींनी लीला पूनावाला फाउंडेशनचा अर्जही बघावा. ती शिष्यवृत्ती खास मुलींसाठीच आहे. विद्यापीठाची कमवा व शिका योजना कॉलेजात चालू असेल तर तासांचे पैसे मिळतात. भाऊराव पाटलांचं नाव त्या योजनेला उगाच नाही. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहं उघडली तेव्हापासून महाराष्ट्रात बहुजनांचं शिक्षण वर्गाइतकंच बोर्डिंगमध्ये झालेलं आहे.

शिष्यवृत्तीचे पैसे दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत येत नाहीत. तोवर?

आधी स्वतःकडून विलंब नको. आधारशी जोडलेलं बँक खातं चालू ठेवा, अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा, आणि तो कॉलेजच्या लॉगिनवर अडकला आहे की विभागाच्या, ते दर पंधरवड्याला पाहा. कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्कशी गोड राहा. हा उपदेश नाही, व्यवहार आहे. पैसे खात्यात आले की त्यातला फीचा भाग कॉलेजात भरायचा असतो. घरी पाठवून दिलात तर पुढे दाखला अडकतो.

ज्यांना देणगी द्यायची आहे त्यांना आमचं सांगणं: नवी शिष्यवृत्ती काढू नका, फिरता निधी काढा. दोन-तीन लाखांचा निधी, त्यातून मेस, डिपॉझिट, परीक्षा फॉर्म यांसाठी पाच-दहा हजार बिनव्याजी आणि दोन दिवसांत द्यायचे, शिष्यवृत्ती आली की परत घ्यायचे. चौकशीसाठी समिती नेमलीत तर निधी असून नसल्यासारखा. आमच्याकडे बहुतेक पैसे परत येतात. जे येत नाहीत त्यांच्या मागे आम्ही लागत नाही.

सर, मराठी माध्यम आहे. लेक्चरमध्ये काहीच कळत नाही. मी मठ्ठ आहे का?

नाही. आणि अडचण फक्त इंग्रजीचीही नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातीच्या मुलांबरोबर आणि जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत काम केलं. त्यांना दिसलं असं, की मराठी शाळेतल्या मुलांनाही विज्ञानाच्या पुस्तकाची मराठी आडवी येते. पुस्तकी वाक्यरचना सोपी केली, मुलांना बोलतं केलं, प्रश्न विचारायला लावलं, की तीच मुलं पुढे सरकली. तेव्हा पुस्तकाची भाषा आणि घरची भाषा यांतलं अंतर तुम्ही पहिलीपासून कापत आला आहात. आता त्यात इंग्रजीची भर पडली, एवढंच.

करायचं काय? लेक्चरच्या आदल्या रात्री त्या धड्यातले नवे शब्द तेवढे काढा आणि त्यांचा अर्थ आपल्या भाषेत समजून घ्या. संकल्पना मराठीत समजून घ्या, पण उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव पहिल्या महिन्यापासून करा. युनिट टेस्टपर्यंत थांबू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी, पायथन, लिनक्स मराठीतून आहेत आणि फुकट आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कार्यक्रमातल्या बऱ्याच व्याख्यानांची मराठी भाषांतरं मिळतात. एआयसीटीईने पहिल्या वर्षांची पुस्तकं मराठीत आणली आहेत, ती ई-कुंभ पोर्टलवरून उतरवून घेता येतात.

पूर्ण डिग्रीच मराठीतून करता येते का, असंही विचारतात. येते. पुण्यात पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली. ज्याला समजण्याचीच धास्ती आहे त्याने तिचा जरूर विचार करावा. आमचा कल मात्र मराठीत समजून इंग्रजीत मांडण्याकडे आहे, कारण डेटाशीट आणि मुलाखत दोन्ही इंग्रजीतच येतात.

पहिल्या सेमिस्टरला एम-वन (गणित-१), मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स तिन्ही राहिले. आता?

आधी नियम पाहा. किती विषय राहिले तर पुढच्या वर्षाला जाता येतं आणि किती राहिले तर इयर डाऊन, हे विद्यापीठागणिक आणि स्वायत्त कॉलेजागणिक वेगळं असतं. हॉस्टेलवरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, पुनर्मूल्यांकनाची तारीख चुकवू नका.

मग एक प्रश्न स्वतःला विचारा: मी अभ्यास एकटा केला का? जवळजवळ नेहमी उत्तर 'हो' येतं.

याचं फार चांगलं निरीक्षण अमेरिकेत बर्कलीला झालं आहे. १९७० च्या दशकात युरी ट्रिसमन हे तिथले गणिताचे संशोधक विद्यार्थी. कॅल्क्युलसमध्ये काळे विद्यार्थी इतके नापास का होतात आणि चिनी वंशाचे इतके पास का, हे त्यांनी त्या मुलांबरोबर हिंडून-फिरून पाहिलं. लोक ज्या कारणांकडे बोट दाखवत होते – तयारी कमी, इच्छा नाही, घरचा पाठिंबा नाही – ती टिकली नाहीत. फरक वेगळाच निघाला. काळी मुलं मान खाली घालून तासन्‌तास एकटी बसत. चिनी मुलं आधी एकटी सोडवत आणि मग एकत्र येऊन एकमेकांची उत्तरं तपासत, चुकांवर वाद घालत. ट्रिसमन यांनी मग 'कच्च्या मुलांचे वर्ग' काढले नाहीत. त्यांनी मुलांना गटात बसवलं आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. निकाल बदलले.

हे आम्ही मुद्दाम इतकं लांबवून सांगतो, कारण आपल्याकडच्या 'रेमेडियल लेक्चर'चं रूप नेमकं उलटं असतं: शनिवारी दुपारी, वेगळी यादी लावून, तेच लेक्चर पुन्हा एकदा हळू आवाजात. त्या यादीत नाव दिसायला नको म्हणून मुलं येत नाहीत, आणि बरोबरच करतात. त्यापेक्षा सहा जणांचा गट करा. निदान एक जण विषयात पक्का असावा, सगळे एकाच गावचे किंवा एकाच प्रवर्गाचे नसावेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, फळ्यासमोर, उभं राहून. मागच्या वर्षांचे पेपर त्यानंतर.

ग्राफिक्सचं थोडं वेगळं आहे. तिथे हात आणि डोळा बसावा लागतो. साबण कापून छेद बघा, आगपेट्या रचून प्रोजेक्शन काढा. क्लासला आठ हजार देण्याआधी हे करून पाहा.

मुलींसाठी म्हणून वेगळं काही?

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत, पुढे सोहोनी, यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजमध्ये १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. आज अशी अट कुणी कागदावर लिहीत नाही. तरीही मुलींचं वसतिगृह आठला बंद होतं आणि लॅब दहापर्यंत चालू असते. वर्कशॉपमध्ये लेथवर मुलगा उभा राहतो, मुलगी जर्नल लिहिते. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये रिपोर्ट आणि पीपीटी तिच्याकडे, सोल्डरिंग त्याच्याकडे. यावर उपाय साधे आहेत आणि ते शिक्षकांच्या हातात आहेत: प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये काम फिरतं ठेवा, एका बॅचमध्ये एकटी मुलगी टाकू नका, लॅबच्या वेळेनुसार वसतिगृहाचा गेट-पास द्या.

आकडा हलवायचा ठरवला की हलतो, हे आयआयटींनी दाखवलं आहे. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण करून त्यांचं प्रमाण तीन वर्षांत २० टक्क्यांपर्यंत नेण्याचं धोरण आखलं. कुणाची जागा काढून घेतली नाही. महाराष्ट्रात कॅपमध्ये मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. तरी मेकॅनिकलच्या वर्गात जाऊन मोजा.

पालकांसाठी एक वाक्य: दुसऱ्या वर्षाला स्थळं बघू नका.

वर्गात 'तुझा स्कोअर किती, कुठून आलास' असं विचारतात. सांगायचं का?

सांगणं बंधनकारक नाही. आयआयटी मुंबईने २०२३ साली विद्यार्थ्यांना स्पष्ट बजावलं की दुसऱ्याचा रँक विचारणं किंवा जात उघड होईल असं काही विचारणं अनुचित आहे. तुमच्या कॉलेजात असा कागद नसेल तर प्राचार्यांना तो काढायला सांगा.

प्रकरण टोमण्यांच्या पुढे गेलं तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला सांगितले आहेत; तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास आहे, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे. जातीवाचक अपमान झाला असेल तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विषय होऊ शकतो. तिथे वकिलाचा सल्ला घ्या. आणि वर्गातल्या बाकीच्यांनो, तुम्ही तिथे बसलेले असता. एवढं आम्हाला दिसतं.

झोप लागत नाही, घरी सांगता येत नाही.

१४४१६ वर टेली-मानसला फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि आज रात्री खोलीत एकटे राहू नका. मित्राकडे, वॉर्डनकडे, आमच्यापैकी कुणाकडेही या. अभ्यासाचं नंतर बघू.

मी शिक्षक आहे, हातात फक्त माझा एक वर्ग आहे. काय करू?

पहिल्या महिन्यात प्रत्येकाला पाच मिनिटं भेटा. नाव, गाव, कुठे राहतोस, जेवतोस कुठे, शिष्यवृत्तीचा अर्ज झाला का. बाकी काही विचारू नका. तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम एआयसीटीईने सांगितलेला आहेच. त्यातले दोन दिवस पाहुण्यांच्या भाषणांतून सोडवून ग्रंथालय, परीक्षा विभाग आणि शिष्यवृत्ती खिडकी दाखवायला वापरा. डिफॉल्टर यादी लावण्याआधी गैरहजर मुलाला फोन करा. पुष्कळदा तो कुठेतरी काम करत असतो. आणि ओरलला मराठीत उत्तर आलं तर ऐकून घ्या, मग त्याच्याकडून ते इंग्रजीत म्हणवून घ्या. गुण उत्तराचे द्या.

आम्ही माजी विद्यार्थी आहोत. मेंटॉर व्हायचंय.

स्वागत. पण प्रेरणा देऊ नका, बायोडेटा तपासून द्या. दोनच विद्यार्थी घ्या आणि पहिल्या वर्षापासून घ्या. महिन्यातून एकदा अर्धा तास, तुम्हीच फोन करायचा. ती मुलं आपणहून करत नाहीत, 'साहेबांना त्रास कशाला' म्हणून. जुना लॅपटॉप असेल तर फॉरमॅट करून द्या, त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

बी.एस्सी.वाल्यांना काय? सगळं इंजिनिअरिंगचंच आहे.

तक्रार रास्त आहे. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलं असेल तर इन्स्पायर शिष्यवृत्ती, वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा बी.एस्सी.च्या मुलांसाठीचा कार्यक्रम. मानखुर्दला शिबिरं होतात आणि खऱ्या प्रयोगशाळेत काम मिळतं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. तिचा अर्ज तालुक्याच्या कॉलेजातून फारच कमी जण करतात, कारण नोटीस बोर्डावर ती लागतच नाही. प्राध्यापकांच्या शिफारसपत्राला घाबरू नका. मजकूर स्वतः लिहून न्या, ते सुधारून सही करतात. एम.एस्सी.साठी जॅम या आयआयटींच्या प्रवेश परीक्षेची तयारी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सुरू करा.

दिव्यांग आहे. प्रॅक्टिकलमुळे सायन्स देत नाहीत.

२०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना ५ टक्के जागा आहेत. लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ हा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा, नकार लेखी मागा. लेखी नकार द्यायला सहसा कुणी धजत नाही.

कॅम्पस मुलाखतींना सगळीकडे साठ टक्क्यांची अट. माझे अठ्ठावन्न.

गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) द्या. फॉर्मची फी एससी, एसटी, दिव्यांग आणि मुलींना निम्मी असते. एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पुढच्या मुलाखतीत लोक शेवटची पदवी आधी पाहतात.

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, दोन वर्षं गोदामात काम करतोय. परत येता येईल?

बहुतेक वेळा येतं. विद्यापीठाने डिग्री पूर्ण करायला कमाल मुदत दिलेली असते. ती संपलेली नसेल तर नोंदणी पुन्हा करता येते. अभ्यासक्रम बदलला असेल तर समकक्ष विषय द्यावे लागतात. जुन्या गुणपत्रिका, शेवटच्या परीक्षेचं हॉल तिकीट आणि गॅपचं शपथपत्र घेऊन आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, आणि तिथून विद्यापीठात लेखी अर्ज. शिष्यवृत्ती पुन्हा सुरू होईल की नाही हे गॅप किती आणि का पडला यावर ठरतं, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. गोदामाची नोकरी नोंदणी होईपर्यंत सोडू नका. खिडकीवर 'आता होत नाही' असं उत्तर मिळालं तर आमच्याकडे या. आमच्यापैकी एक जण तुमच्याबरोबर येईल.